माश्यांची खोली बंद करू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत जेनेटिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमावर आलेला लेख आमच्या वर्गात सगळ्यांनी वाचला. या विषयाला एवढी जागा क्वचित मिळते, त्याबद्दल आधी आभार. मात्र जनुकांचा अभ्यास आता संगणकावरच होतो, तेव्हा विद्यापीठांनी जुनी प्रॅक्टिकल्स बाजूला सारून तो वेळ डेटा विश्लेषणाला द्यावा, असा जो सूर त्यात आहे, त्याला उत्तर देणे मला भाग वाटते. मी याच विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेमके हेच कारण पुढे करून आमच्या विभागात पुढच्या तुकडीची दोन प्रॅक्टिकल्स वगळण्याचा प्रस्ताव आला आहे. एक फळमाश्यांच्या संकराचे, दुसरे गुणसूत्रांचे. वर्षभराचा संशोधन प्रकल्पही एका सेमिस्टरमध्ये उरकायचा बेत आहे. दुसरीकडे शिकणाऱ्या मैत्रिणींकडूनही असेच काहीबाही कानावर येते, म्हणून हे पत्र.

आधी माश्यांबद्दल. ड्रॉसोफिला म्हणजे फळमाशी, जेमतेम तीन मिलिमीटरची. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात, त्यामुळे एका सेमिस्टरमध्ये तीन-चार पिढ्या सहज हाताखालून जातात. संकर लावायचा तर मादी व्हर्जिन हवी. एकदा नराशी संग झाला की ती शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस तेच वापरते. भलताच नर आधी भेटलेला असेल तर पुढच्या पिढीचा सगळा हिशेब वाया जातो. कोशातून बाहेर पडल्यावर पहिले आठेक तास मादी नराला दाद देत नाही. तेवढ्या वेळात तिला वेगळी काढायची. म्हणून सकाळी लवकर येऊन व्हायलमधल्या, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीतल्या, सगळ्या मोठ्या माश्या काढून टाकायच्या आणि दुपारी परत येऊन मधल्या वेळात निघालेल्या माद्या टिपायच्या.

कार्बन डायऑक्साइडने गुंगी आलेल्या माश्या पांढऱ्या पॅडवर पसरतात. बारीक कुंचल्याने एकेक उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. नराच्या पुढच्या पायांवर काळ्या राठ केसांची छोटी ओळ असते, पोटाचे टोक गडद आणि गोलसर असते. नुकतीच निघालेली मादी फिकट असते, तिचे पंख पुरते उलगडलेले नसतात आणि पोटाच्या पातळ कातडीतून हिरवट-काळा ठिपका दिसतो. तो दिसला की खात्री धरायची. पहिल्या आठवड्यात डोळे दुखतात, मान धरते. महिन्याभरात नजर अशी बसते की पॅडवर माश्या सांडताच नर-मादी आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

आता एवढा खटाटोप कशासाठी, असे लेखाचे लेखक विचारतील. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांचा संकर घ्या. थॉमस हंट मॉर्गन यांना कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत १९१० साली असा पहिला नर मिळाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यामुळे पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या संकरातून सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे आणि सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या निघतात. पुस्तकात हे दोन ओळींत संपते आणि परीक्षेत त्याचे पूर्ण गुण मिळतात. पण प्रत्यक्ष मोजायला बसले की शेकडो लाल मुलींमध्ये एखादे दिवशी एक पांढऱ्या डोळ्यांची मुलगी सापडते.

तिचे काय करायचे? तिची आई व्हर्जिन नव्हती, आपल्याच पांढऱ्या डोळ्यांच्या भावापासून तिने शुक्राणू घेतले होते, हे पहिले स्पष्टीकरण. पण तसे असते तर अशी एकच कशी निघेल? बऱ्याच निघाल्या असत्या. व्हायल बदलताना बाहेरची माशी शिरली, हे दुसरे. आणि तिसरे असे की आईच्या शरीरात अंडे तयार होताना दोन एक्स गुणसूत्रे वेगळी झालीच नाहीत, दोन्ही एकाच अंड्यात गेली, आणि मुलीला आईचे दोन्ही एक्स व बापाचा वाय मिळाला (माश्यांत दोन एक्स असले की वाय असूनही मादीच होते). खरे कोणते, हे तिचा लाल डोळ्यांच्या नराशी संकर लावल्यावर कळते. तिसरे स्पष्टीकरण बरोबर असेल तर तिच्या संततीत पुन्हा अपवाद निघतात, आणि तेही चारेक टक्के, म्हणजे पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त.

मॉर्गन यांचे विद्यार्थी कॅल्विन ब्रिजेस यांनी अशाच अपवादांचा पिच्छा पुरवला, त्या माद्यांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि जनुके गुणसूत्रांवर असतात याचा भक्कम पुरावा जगापुढे ठेवला. १९१६ साली ‘जेनेटिक्स’ हे नियतकालिक सुरू झाले तेव्हा त्यातला पहिला लेख हाच होता. तेव्हा ब्रिजेस नुकते पीएचडी करत होते. मॉर्गन यांच्याच प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी जनुकांचा पहिला नकाशा मांडला तेव्हा तर ते पदवीचे विद्यार्थी होते. तो नकाशा १९१३ साली छापला गेला.

वेगळी दिसणारी गोष्ट समोर आली की ती घाण आहे की खरी, हे ठरवण्याची रीत मला जेनेटिक्सच्या शिक्षणाचा गाभा वाटते. ती व्याख्यानातून येत नाही. हातातला संकर आपण स्वतः लावलेला असतो, म्हणून त्यात कुठे काय बिघडू शकते हे आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच बिघडले नसेल तेव्हा ते ठामपणे सांगता येते.

संगणकाला माझा अजिबात विरोध नाही. माझा प्रकल्पच सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे यंत्राने डीएनएची अक्षरे वाचण्याच्या, डेटावर आहे. आई, वडील आणि मूल अशा तिघांचे जनुकसंच शेजारी ठेवून मुलात नव्याने झालेले बदल शोधायचे असतात. माणसाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, आणि त्यात प्रत्येक मुलात साधारण ६० ते ७० अक्षरे आईवडिलांपैकी कोणातही नसलेली, नवी असतात. सॉफ्टवेअर मात्र कच्च्या यादीत याच्या कितीतरी पट जास्त बदल काढून देते. त्यातल्या बहुतेक ठिकाणी मूळ बिघाड वाचनाचा असतो. आईचा तो भाग पुरेशा वेळा वाचलाच गेलेला नसतो, म्हणून मुलातला बदल नवा भासतो. किंवा तो तुकडा जनुकसंचात अनेक ठिकाणी सारखाच असतो आणि चुकीच्या जागी बसवला जातो. कधी नमुन्यांच्या नळ्यांचीच अदलाबदल झालेली असते. एक्स गुणसूत्रावरची अक्षरे पाहून नमुना स्त्रीचा की पुरुषाचा हे सगळ्यात आधी तपासायचे, ही सवय आम्हाला कोणी शिकवावी लागली नाही. माश्यांच्या खोलीतून आलेल्या प्रत्येकाच्या ती अंगात होती. यादीतली प्रत्येक ओळ बघताना मला तीच पांढऱ्या डोळ्यांची मुलगी दिसते आणि तेच प्रश्न विचारावेसे वाटतात.

गुणसूत्रांच्या प्रॅक्टिकलचे महत्त्व तर आणखी सरळ आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ७२ तास वाढवायच्या, कोल्चिसीन घालून त्यांना विभाजनाच्या मधल्या टप्प्यावर अडवायचे, मग पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात फुगू द्यायचे. पुढे तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसिटिक आम्ल यांत पेशी स्थिर करून त्याचे थेंब थंड, ओल्या काचपट्टीवर सोडायचे. थेंब पडतो, पसरतो, आणि सुकताना फुगलेली पेशी सपाट होऊन गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात. हवा दमट असेल तर एक तऱ्हा, कोरडी असेल तर दुसरी. पट्टे उमटवण्यासाठी वापरायचे ट्रिप्सिन हे विकर चार सेकंद जास्त लागले की गुणसूत्रांवरचे पट्टे धुऊन जातात, कमी लागले तर उमटतच नाहीत. एकदा का चांगली काचपट्टी मिळाली आणि ४६ गुणसूत्रे पट्ट्यांसह स्वच्छ दिसली, की तो आनंद सांगून समजत नाही.

माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत हे आज शाळेतले मूलही सांगते. पण १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी ४८ हा आकडा दिला आणि पुढची तीसेक वर्षे जगभर तोच शिकवला गेला. टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत सौम्य क्षारद्रावण अपघाताने वापरले गेले आणि गुणसूत्रे प्रथमच मोकळी दिसली, तरी १९५२ साली त्यांनीही ४८ हाच आकडा नोंदवला. १९५६ साली जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी जे दिसले तेच मोजले, ते ४६ भरले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये २१ क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्तीचे असते, हे पॅरिसहून जाहीर झाले. त्या शोधाला झेरोम लेझ्यून यांचे नाव चिकटले. पेशी वाढवण्याची कला शिकून येऊन तिथली प्रयोगशाळा उभी करणाऱ्या मार्थ गोतिए यांचे आडनाव मूळ लेखात चुकीचे छापले गेले आणि त्यांच्या वाट्याचे श्रेय फार उशिरा चर्चेत आले. काचपट्ट्या तयार करणाऱ्या हातांकडे दुर्लक्ष करण्याची खोड जुनीच आहे, आणि आमच्या विभागातला प्रस्ताव वाचताना मला गोतिए आठवल्या.

हा झाला इतिहास, आता त्याची गरज काय, असे म्हणणाऱ्यांनी एक उदाहरण लक्षात घ्यावे. एखाद्या जोडप्याचे गर्भ वारंवार पडतात. दोघेही धडधाकट. त्यांपैकी एकाच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे आपापसात बदललेले असू शकतात. काही कमी नाही, काही जास्त नाही, म्हणून त्या व्यक्तीला स्वतःला कसलाच त्रास नसतो. पण अंडी किंवा शुक्राणू तयार होताना वाटणी चुकते आणि गर्भात एक तुकडा जास्त, दुसरा कमी असे होते. मायक्रोअॅरे ही आधुनिक तपासणी जनुकद्रव्य किती आहे ते मोजते, त्यामुळे समतोल अदलाबदल तिला दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे वाचणाऱ्याला ती दिसू शकते. अशी माणसे तयार करणे पदव्युत्तर विभागांनी थांबवले, तर रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत उद्या हे काम कोण करणार? हे शिक्षण सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रात होत नाही. पट्टे वाचायला वर्ष-दीड वर्ष नजर तापवावी लागते.

संख्याशास्त्राबद्दल लेखात अवाक्षर नाही, याचे वाईट वाटले. गणितापासून सुटका होईल म्हणून जीवशास्त्राकडे वळलेले बरेच जण पहिल्याच सेमिस्टरमध्ये इथे अडखळतात, आणि ते त्यांना प्रवेशाआधीच कळायला हवे. सुरुवात सोपी असते. मेंडेल यांना एका प्रयोगात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले. तीनास एक या प्रमाणाने ५,४९३ आणि १,८३१ अपेक्षित होते. काय-स्क्वेअर, म्हणजे मिळालेल्या आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाचे माप, काढला तर ०.२६ येतो, ३.८४ या मर्यादेच्या कितीतरी आत. फरक योगायोगाचा. इथपर्यंत सगळ्यांना जमते. पुढे हार्डी-वाइनबर्गचे १९०८ सालचे सूत्र येते, लोकसंख्येतले जनुकांचे प्रमाण येते, आणि तिथे खरा कस लागतो. या भागाचे मोल काय, ते एका अभ्यासातून कळते. हृदयाचे स्नायू जाड करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचे कारण म्हणून अमेरिकेत रुग्णांना कळवले गेलेले काही जनुकीय बदल निरुपद्रवी असल्याचे २०१६ साली दाखवण्यात आले. ते बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये बऱ्यापैकी आढळतात. मूळ तुलनेसाठी त्या समाजातले पुरेसे लोक घेतले असते, तर ते आजाराचे कारण ठरलेच नसते. यंत्राने अक्षरे बरोबर वाचली होती. कोणाशी ताडून पाहायचे, हा निर्णय माणसांचा होता.

प्रकल्पाच्या कालावधीवर एवढेच म्हणते की एका सेमिस्टरमध्ये पहिला प्रयत्न फसला की विद्यार्थ्याकडे वेळच उरत नाही. आमच्या एका सिनिअरच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या प्रयोगात, जिथे डीएनए घातलेलाच नव्हता त्या नळीतही पट्टा दिसायचा. कुठल्या तरी द्रावणात बाहेरचा डीएनए शिरला होता. तिने एकेक द्रावण बदलत तो शोधून काढला, आणि त्यात तिचा बराच काळ गेला. हातात वर्ष होते म्हणून ती ते करू शकली. चार महिनेच असते तर ती नळी गाळून जेलचे बाकीचे छायाचित्र प्रबंधात लावण्याचा मोह कोणालाही झाला असता. अशा विद्यार्थ्याला पदवी मिळेल, पण तो पुढे ज्या प्रयोगशाळेत जाईल तिथे हीच सवय घेऊन जाईल.

खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो, तोही तपासून पाहावा. माश्यांच्या खोलीला तापमान राखणारी कपाटे, थोडे सूक्ष्मदर्शक, काचेच्या व्हायल आणि मक्याचे पीठ, यीस्ट, साखर, अगार यांचे खाद्य एवढेच लागते. सिक्वेन्सिंगच्या एका यंत्रापुढे हे किरकोळ आहे. बंद करण्यात मात्र मोठा धोका आहे. माश्यांचे स्टॉक, म्हणजे जिवंत ठेवलेले वाण, बियाण्यासारखे डब्यात भरून ठेवता येत नाहीत. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांना नव्या व्हायलमध्ये हलवावे लागते, सुट्टीतसुद्धा. एक हप्ता चुकला तर बुरशी लागते, दोन चुकले तर वंश संपतो. आमचे प्रयोगशाळा सहायक काका वर्षानुवर्षे हे करत आले आहेत. खाद्य किती घट्ट झाले की उतरवायचे, बुरशी रोखायला आम्ल कधी घालायचे, कुठल्या वाणाच्या अळ्या नाजूक असतात, हे त्यांना नुसत्या नजरेने कळते. ते लवकरच निवृत्त होतील. त्यांच्या जागी कोणाला शिकवून तयार करायचे, की त्यांच्याबरोबर खोलीलाही कुलूप लावायचे, हा खरा निर्णय आहे. माश्या अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनसारख्या साठा केंद्रातून पुन्हा मागवता येतील, पण काकांना जे येते ते कुठून मागवणार?

वेळ कुठून काढायचा, याचेही उत्तर आहे. आमच्या अभ्यासक्रमात जैवरासायनिक साखळ्यांचे तेच ते तपशील तीन वेगवेगळ्या पेपरांत पाठ करावे लागतात. ते एका पेपरात आणले तर डेटा विश्लेषणाला हवे तितके तास मिळतात, आणि प्रॅक्टिकलला हात लावावा लागत नाही. शिवाय माश्यांच्या संकरातून विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेले आकडेच विश्लेषणाच्या तासाला वापरले, तर दोन्ही विषय एकमेकांना धरून चालतील. आमच्या वर्गाने हे लेखी दिले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

आता जे या विषयाला प्रवेश घेण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. विभागाच्या माहितीपत्रकात यंत्रांची छायाचित्रे असतात, त्यांच्यावर जाऊ नका. तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा की विभागात जिवंत स्टॉक आहेत का, मग ते माश्यांचे असोत, यीस्टचे असोत की वनस्पतींचे. काचपट्टी प्रत्येक जण स्वतः तयार करतो की एक जण करतो आणि बाकीचे भोवती उभे राहून बघतात, हेही विचारा. प्रकल्पाला किती महिने मिळतात आणि मार्गदर्शक निवडता येतो का, ते विचारा. संख्याशास्त्र कोण शिकवते, आणि जनुकांच्या आकड्यांवर शिकवते की भलत्याच, हेही. या उत्तरांवरून विभागाची पारख जितकी होईल तितकी क्रमवारीच्या तक्त्यावरून होणार नाही.

आपल्या पुरवणीला विनंती अशी, की प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी जेनेटिक्सच्या पदव्युत्तर विभागांकडून एवढी माहिती मागवून ती नावांसह छापावी: कोणती प्रॅक्टिकल्स प्रत्यक्ष चालू आहेत, गेल्या पाच वर्षांत कोणती बंद झाली आणि प्रकल्प किती महिन्यांचा आहे. विभागांना ही माहिती देणे अवघड नाही, वेळापत्रकात ती असतेच.

आपली नम्र,
एम.एस्सी. (जेनेटिक्स) द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी